डाव्या दिव्यातलं पाणी

जाईबाईच्या जिभेला हाड नाही, असं सगळी गल्ली म्हणायची. जाईबाई म्हणायची, बरंय, हाड असतं तर म्हातारपणी ते पण दुखलं असतं.

पण नोव्हेंबरपासून ही जीभ निम्मी झालेली. तिचा प्रशांत गेला. एकेचाळीस वर्षांचा. कोलशेतला एका कंपनीच्या गेटबाहेर गाडी लावून गिऱ्हाइकाची वाट बघत होता, बसल्या जागी गेला. सीट मागे पाडलेली, म्हणून तासभर लोकांना वाटलं झोपलाय. गाडीला कुठे लागलं नाही. दारातल्या बाटलीत अर्धं पाणी होतं ते तसंच घरी आलं.

जलदान विधी झाला, पुण्यानुमोदन झालं, माणसं आली तशी गेली. जाईबाई रडली नाही. बायका जिन्यात कुजबुजल्या, बाई दगडाची आहे. तिने ऐकलं. एरवी तिने त्या बाईच्या सात पिढ्या जिन्यातच उभ्या केल्या असत्या. या वेळी ती नुसती वर गेली आणि कांदे चिरायला बसली. कांद्यानेपण डोळ्यांत पाणी आलं नाही.

राहिली घरात दोघी. जाईबाई आणि सून मेघना. आणि खाली विहाराच्या भिंतीला लागून उभी असलेली प्रशांतची पांढरी टुरिस्ट गाडी.

गाडीचं काम जाईबाईने स्वतःकडे घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. पहाटे साडेपाचला उठायचं, मोठं पातेलं गॅसवर चढवायचं, बादलीत मूठभर धुण्याचा सोडा घालायचा आणि पहिल्या माळ्यावरून दोन फेऱ्यांत सगळं खाली न्यायचं. प्रशांत गाडी पुसायचा ती फडक्याने, वरवर. जाईबाईला ते कधीच पटलेलं नव्हतं. तिने बावीस वर्षं कोलशेतच्या औषध कंपनीत बाटल्या धुतलेल्या. तिथे तीन पाण्यांची रीत होती. पहिलं सोड्याचं, दुसरं साधं, तिसरं कडकडीत. मग बाटली ट्यूबलाइटसमोर धरायची. काचेत धुकं दिसलं तर परत हौदात. चौथी नापास पोरगी, पण सुपरवायझर तिच्या हातची पेटी उघडूनसुद्धा बघायचा नाही. बावीस वर्षांत एक बाटली परत आली नाही, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, पाहुण्याला तर चहाच्या आधी.

तेव्हा गाडी तिने तीन पाण्यांनीच धुतली. बाहेरून चमकणारी बाटली आतून घाण असली तर औषध नासतं. म्हणून ती बोनेटही उघडायची. खटका कुठे असतो ते लेकाला बघून माहीत होतं. इंजिनावर पाणी टाकायचं नाही इतपत अक्कल तिला होती, तिथे करंट असतो. पण बाजूच्या सांदीत, दिव्यांच्या मागे माती साचते, तिथे ती तांब्याने पाणी मारायची. सोड्याचं, साधं, कडकडीत. हात लाल व्हायचे. पोळलं असं वाटायचं नाही. हात लाल दिसले की तिला कळायचं, आज पाणी जास्त तापलं.

एवढं झालं की वर जायचं आणि खिडकीशी बसायचं. दिवसभर बसायचं. भाकरी पुढ्यात आली तर खायची.

मेघनाचा बेत वेगळाच होता. डोंबिवलीला एमआयडीसीत ती पॅकिंगला होती, नऊ तास उभ्याने. गाडी चालवायला प्रशांतनेच शिकवलेलं, लायसन काढून दोन वर्षं झालेली, पण हात बसला नव्हता. कोलशेतच्या एका कंपनीला बायकांना ने-आण करायला बाई ड्रायव्हर हवी होती. एक फेब्रुवारीपासून. आरटीओतून गाडीचं पासिंग करून आणा, या, असं त्यांनी सांगितलेलं. मेघना डिसेंबरभर रविवारी गाडी काढून रस्त्यावर हात साफ करायला लागली. एका रविवारी आत घेताना विहाराच्या गेटच्या खांबाला डावी बाजू घासली. बंपरवर हातभर ओरखडा.

दोन-तीन दिवसांनी डाव्या दिव्यात धुकं दिसलं.

आधी पातळ. उन्हं आली की जायचं. मग काचेला आतून थेंब धरायला लागले. मग थेंब खाली उतरून तळाला बोटभर पाणी साचलं, गाडी हलली की तेही हलायचं. जाईबाईने खांब आणि धुकं यांची गाठ मारली आणि घट्ट मारली. दुधाच्या टपरीवर बोलली, विहाराच्या पायरीवर बोलली, "माझ्या लेकाने आठ वर्षं चालवली, खरचटू दिली नाही. हिने आठ दिवसांत गाडीचा डोळा फोडला."

मेघनाच्या कानावर गेलं. या घरात त्या दिवसांत कोणीच काही बोलत नव्हतं. भांडायलाही आत काहीतरी लागतं.

सोमवारी पासिंगला गाडी नापास झाली. इन्स्पेक्टरने सरळ सांगितलं, डाव्या दिव्याचा उजेड पडत नाही, आत पाणी आहे, दुरुस्त करून पुढच्या गुरुवारी आणा. त्याचं काही चुकलं नव्हतं. मेघनाने घरी येऊन चावी टीव्हीजवळ ठेवली आणि चुलत सासऱ्यांना, सीतारामकाकांना फोन लावला. "काका, गाडीला कोणी गिऱ्हाईक असेल तर बघा. माझ्याने नाही होणार."

सीताराम म्हणजे जाईबाईचा धाकटा दीर, नगरपालिकेतून रिटायर झालेला. असल्या कामांना तो एका पायावर तयार. त्याच संध्याकाळी त्याने भिवंडीचा माणूस शोधून काढला. रविवारी वंदना झाली की कागद घेऊन येतो, म्हणाला. गाडी विकायची असो की मेघनाच्या नावावर करायची असो, वारस म्हणून आईची सही लागणारच होती. "तेवढा तो दिवा नीट करून घ्या. फुटका दिवा बघून गिऱ्हाईक नाक मुरडतं."

शनिवारी सकाळी मेघना गाडी शीळफाट्याला घेऊन निघाली. जाईबाईपण निघाली.

"तुम्ही कशाला, आई?"

"आणि कुठे ठोकलीस तर साक्षीदार नको?"

ती मागे बसली. मेघनाने आरसा हलवला, बेल्ट लावला, आणि नीट, सावकाश, कोणालाही न चिकटता गाडी चालवली. जाईबाईला खोट काढायला जागा मिळाली नाही. मिळाली असती तरी काढली असती की नाही, तिला सांगता आलं नसतं. बाहेर बिल्डिंगी सरकत होत्या, ट्रक सरकत होते. ती बघत होती एवढंच.

गुरुदत्त गाड्यांची वायरिंग करायचा. प्रशांत त्याच्याकडेच यायचा. त्याने गाडी ओळखली, आतून मेघना उतरली तेव्हा हातातली पक्कड खाली ठेवली आणि बराच वेळ कुठे बघायचं ते त्याला कळेना.

"जयभीम, ताई. मला उशिरा कळलं."

"जयभीम. दिव्यात पाणी जातंय. गुरुवारी पासिंग आहे."

"खांबाला ठोकली हिने," जाईबाई मागून म्हणाली.

गुरुदत्त उकिडवा बसला. बंपरवर बोट फिरवलं, काचेवर फिरवलं, कडेच्या जोडावर नखाने टकटक केली. "मावशी, हा ओरखडा बंपरचा. दिव्याला धक्कासुद्धा नाही. काच अख्खी, जोड अख्खा. थंडीत थोडा दव सगळ्याच दिव्यांत धरतो, लाइट लावला की दहा मिनिटांत जातो. हे ते नाही. हे पाणी कुठून तरी ओततंय."

त्याने बोनेट उघडलं, दोन-तीन स्क्रू काढले आणि दिवा वायरीपासून सोडवून हातात घेतला. पाणी तळाशी डुचमळलं. त्याने तो दुकानासमोरच्या स्टुलावर, उन्हात, काच खाली करून ठेवला.

"असा नाही," जाईबाई म्हणाली.

"काय?"

"तोंड खाली कर. काच वर. तोंड वर ठेवून काच वाळत नाही, वाफ आतच फिरते. वर ऊन लागू दे, वाफ खालून निघेल. खाली दोन लाकडं घाल, हवा खेळली पाहिजे."

गुरुदत्तने तसं केलं. बोटभर पाणी सिमेंटवर सांडलं. त्याला मजा वाटली. "मावशी, कामाला कुठे होता तुम्ही?"

मग काय. कोणी विचारायचाच अवकाश होता. दोन महिन्यांत जाईबाई इतकी बोलली नव्हती. औषध कंपनी, बाटलीखातं, ट्यूबलाइट, बावीस वर्षं, एकही परत नाही. "तीन पाणी. आधी सोड्याचं. सोड्याशिवाय चिकटा सुटत नाही. मग साधं. आणि शेवटी कडकडीत, हात घालवणार नाही असं. अजूनपण माझ्या घरात तीच रीत. भांडं असो का गाडी असो."

गुरुदत्त हसत हसत दिवा उचलून त्याच्या मागच्या तोंडात बॅटरी मारत होता. त्याचं हसणं तिथेच थांबलं. त्याने बोट आत घातलं आणि बाहेर काढलं. बोटावर पांढरी पूड.

"इथे रबराची टोपी असते," तो हळू म्हणाला. "बल्बच्या मागे. ती नाहीच. बल्ब कोणी बदललेला?"

"त्यांनीच," मेघना म्हणाली. "दिवाळीच्या आधी. घाईत होते." ती गाडीत वाकली, डाव्या दारातल्या कप्प्यात हात घातला आणि एक काळी रबरी टोपी काढून आणली. धूळ बसलेली, बाकी चांगली.

गुरुदत्तने टोपी पुसली. "टोपी नसती तरी इतकं नसतं झालं. पावसाळा संपलेला होता. हे वरून आलंय. पावसाच्या पाण्याने असा पांढरा थर धरत नाही." त्याने बोटावरची पूड अंगठ्याने चोळली, एकदा जाईबाईकडे बघितलं आणि मग बघितलं नाही. "गाडी कुठे धुता? सेंटरला?"

"घरीच," मेघना म्हणाली.

"कोण धुतं?"

मेघनाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "कोणी ना कोणी."

हा क्षण जाईबाईचा होता. तोंड उघडून दोन शब्द टाकायचे, "मी धुते." तिने उघडलं नाही. लाज वाटली म्हणावं तर लाजही नीट वाटत नव्हती. सोड्याची ती पूड तिला दुसऱ्या कोणाच्या तरी घरची वाटत होती. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "किती वेळ लागेल वाळायला?"

"दुपारपर्यंत. मग टोपी बसवतो. टोपी बसली की घाबरायचं काम नाही. फक्त," गुरुदत्त पान्यांच्या डब्यात काहीतरी शोधत म्हणाला, "मागून पाणी मारू नका कोणी. गरम तर अजिबात नको."

दुपारपर्यंत दोघी दुकानाच्या बाकावर बसल्या. मेघनाने वडापाव आणला. जाईबाईने खाल्ला. दोघींच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती. दिव्यातलं धुकं कडेकडेने उडालं, मग मधलं. गुरुदत्तने तळातली पूड ओल्या फडक्याने पुसली, टोपी दाबून बसवली, दिवा जागेवर चढवला आणि लावून दाखवला. भर दुपारीसुद्धा नजर ठरेना.

संध्याकाळी जाईबाई खिडकीशी बसून राहिली. डोक्यात एक वाट आपोआप तयार झाली. टोपी प्रशांतने लावली नाही. हे खरंच होतं. गुरुदत्त साक्षीला होता. उद्या सीतारामभावजींनी विचारलं तर एवढंच सांगायचं, टोपी राहिली त्याच्याकडून. मेलेल्याला कोणी उलट विचारायला जात नाही आणि तोही उठून येत नाही. तिने ही वाट दोन-तीनदा नीट बघितली, जशी बाटली बघायची. आणि तिच्या लक्षात आलं, ती आपल्याच लेकाला गिऱ्हाईक शोधतेय. चुकीला गिऱ्हाईक. याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पण ती वाट तिने बाजूला ठेवून दिली.

रविवारी पहाटे सवयीने पातेलं गॅसवर चढलं. पाणी उकळल्यावर तिला आठवलं. मग त्या पाण्याने तिने अंघोळ केली.

सीताराम नऊला आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत प्लॅस्टिकची फाइल. चहा झाला. त्याने कागद काढून चटईवर ठेवले, कोपऱ्यावर चष्म्याचं घर ठेवलं, उडू नयेत म्हणून. मेघना दाराशी उभी.

"वहिनी, मी मेघनाला दोष देत नाही," सीताराम म्हणाला. हे वाक्य माणूस दोष द्यायच्या आधीच म्हणतो. "पण गाडी बाईच्या हातात आली आणि महिन्यात दिवा फुटला, पासिंग नापास झालं. उद्या रस्त्यात काय झालं तर? कंपनीच्या बायका आत असतील. एक खांब दिसला नाही हिला. तुम्हीच तर सगळ्यांना सांगत होता."

"सांगत होते."

"मग झालं तर. इथे सही करा."

"दिवा खांबाने नाही फुटला," जाईबाई म्हणाली. "फुटलाच नव्हता. पाणी मी ओतलं."

सीतारामने चष्मा कपाळावर घेतला. "काय?"

"रोज पहाटे. बोनेट उघडून मागून. सोड्याचं, साधं आणि गरम. तिथे भोक उघडं होतं. गेलं आत."

सीताराम समजूतदार हसला. "वहिनी, सुनेवर माया आहे, चांगलं आहे. पण म्हणून तिची चूक अंगावर घ्यायची नाही."

"मी अंगावर घेते?"

"पंचेचाळीस वर्षं ओळखतो तुम्हाला. तुमच्या हातून चूक झाली असं तुमच्या तोंडून मी एकदा नाही ऐकलं. आमटी खारट झाली तरी तुम्ही मिठाच्या कारखान्याला शिव्या दिल्या. आणि आज म्हणे पाणी मी ओतलं."

इतकी वर्षं जपलेला ताठा असा आडवा येईल, असं जाईबाईला वाटलं नव्हतं. खरं बोलायला बसलं तर कोणी घेईना.

"भावजी," ती म्हणाली, "मी कोणाला वाचवायला कधी खोटं बोलले? तुमच्या लग्नात सोयऱ्यांनी विचारलं, मुलगा दारू पितो का, तर मी काय सांगितलं?"

सीतारामने कपाळावरचा चष्मा काढून पुसायला घेतला.

"काय सांगितलं?"

"सणासुदीला पितो, म्हणून सांगितलं," सीताराम पुटपुटला.

"सख्ख्या दिरासाठी बोलले नाही, ते हिच्यासाठी बोलेन? शीळफाट्याला गुरुदत्तकडे जा. पांढरा सोडा त्याच्या बोटाला लागला. मी समोर उभी होते, तेव्हा बोलले नाही. काल बोलले नाही म्हणून आज बोलते." तिचा आवाज चढला नाही. दूध नासलं असं सांगावं तसं ती सांगत होती. "बावीस वर्षं बाटल्या धुतल्या आणि घरचा दिवा बुडवला. आता गल्लीत सांगायचं तर सांगा. नाहीतर मी सांगते, दुधाच्या टपरीवरून सुरुवात करते. आणि हे कागद उचला."

"अहो, पण तो भिवंडीचा माणूस—"

"त्याला दुसरी गाडी बघा. तुम्हाला काय, कामच पाहिजे."

सीतारामने चष्म्याचं घर उचललं, कागद उचलले. जिन्यात त्याच्या चपला सावकाश वाजत गेल्या.

मेघना कप गोळा करायला लागली. जाईबाईने तिला बसायला सांगितलं. ती बसली.

"तू बघायचीस मला? वरून?"

"रोज."

"पाणी मारताना?"

"हो. पण त्याने असं होईल हे मला काल कळलं. गुरुदत्तने सांगितलं तेव्हा."

"मग तिथे बोलली का नाहीस?"

मेघनाने कपात कप घातला. "तुम्ही दिवसभरात तेवढंच करत होता, आई. बाकी खिडकीत बसायचा. तेपण बंद झालं असतं."

"आणि गाडी गेली असती तर? मी आज बोलले नसते तर तू बोलली असतीस?"

"माहीत नाही," मेघना म्हणाली. मग परत म्हणाली, "खरंच माहीत नाही. मला कशाचंच काही वाटत नाही हल्ली. चावी ठेवली तेव्हापण नाही वाटलं."

जाईबाईने मान हलवली. हे तिला कळत होतं. सुनेचं एवढं नीट तिला कधी कळलं नव्हतं. हात पुढे करून हिच्या पाठीवर ठेवावा असं तिला वाटलं नाही. ठेवला पाहिजे, असं आठवलं फक्त. तिने ठेवला. थोडा वेळ ठेवून मग काढून घेतला.

"तुझ्या नावावर करायचा कागद कुठेय? डिसेंबरात आणलेलास तो."

मेघना उठली. कपाटातून एक पाकीट काढून आणलं, आतले कागद चटईवर पसरले आणि पेन दिलं. जाईबाईने पेन धरलं, जीभ ओठांत धरली आणि एक एक अक्षर ठेवत सही केली. जा, ई, बा, ई. मग रेघ ओढली.

"अजून कुठे?"

"अजून दोन ठिकाणी," मेघना म्हणाली, आणि बोट ठेवून जागा दाखवली.